बिल कोण भरतं आणि उपचार कसे बदलतात: वाचकांचे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आणि पांढरं रेशनकार्डही योजनेत आलं. त्यानंतर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांत आजारापेक्षा बिलाबद्दलच जास्त विचारणा आहे. पेशंट विचारतात तसे डॉक्टरही विचारतात. त्यातली काही निवडक पत्रं, थोडक्यात करून, उत्तरांसह देत आहोत.

आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन योजनेतून झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. शेजारच्या काकांचं तेच ऑपरेशन विम्यावर झालं, त्यांना पाच दिवस ठेवलं. योजनेच्या पेशंटला लवकर घालवतात का? — एक वाचक, दापोली

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर एक-दोन दिवसांत घरी जाणं हे सर्वसाधारण आहे. काकांना काही गुंतागुंत झाली नसेल, तर पाच दिवस का ठेवलं हाच खरा प्रश्न आहे.

फरक पैशाच्या पद्धतीत आहे. काकांचं बिल बाबवार झालं: खाटेचं भाडं, रोजची व्हिजिट, नर्सिंग, सलाइन, सगळं वेगवेगळं. तिथे प्रत्येक जादा दिवस रुग्णालयाला उत्पन्न देतो. आईच्या ऑपरेशनला ठरावीक पॅकेज होतं. भूल, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जनरल वॉर्डची खाट, जेवण हे सगळं एका रकमेत. तिथे प्रत्येक जादा दिवस रुग्णालयाच्या खिशातून जातो. बाबवार बिलात जास्त करण्याकडे ओढ असते, पॅकेजात कमी करण्याकडे. डॉक्टर प्रामाणिक असले तरी ही ओढ राहतेच, म्हणून पेशंटने ती ओळखून योग्य प्रश्न विचारावेत.

अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा रुग्णालयातला मुक्काम झपाट्याने कमी झाला. त्यातलं बरंचसं चांगलंच होतं. विनाकारण पडून राहिलं की जंतुसंसर्गाचा आणि अशक्तपणाचा धोका वाढतो. पण पुरता बरा न झालेला माणूसही घरी जाऊ लागला, ही काळजी मागे उरली. पुढे २०१२ पासून, ज्या रुग्णालयांचे पेशंट ३० दिवसांच्या आत अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात परत भरती होतात, त्यांचे पैसे कापायला सुरुवात झाली.

म्हणून दिवस मोजू नका, आईची अवस्था पाहा. घरी निघताना तिला स्वतः उठून चालता येतंय का, लघवी मोकळी होते का, खाल्लेलं उलटून पडत नाही ना, ताप नाही ना आणि दुखणं गोळीने थांबतंय का, एवढं पाहायचं. पित्तनलिकेतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या आठवड्यात, म्हणजे घरी गेल्यावर उघड होते. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, पोट फुगणं, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, यांतलं काहीही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जायचं.

दापोलीकरांसाठी आणखी एक. ऑपरेशन चिपळूण, डेरवण किंवा रत्नागिरीला झालं असेल, तर डिस्चार्जआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'घर दोन-तीन तासांवर आहे, रात्री दाभोळची फेरीबोट बंद असते.' अंतर हे एक दिवस जास्त ठेवण्याचं रास्त वैद्यकीय कारण आहे आणि डॉक्टरांना ते केस पेपरवर लिहिता येतं.

डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पॅकेजातच धरलेली आहेत. टाके काढायचे किंवा ड्रेसिंगचे पैसे त्या मुदतीत वेगळे मागितले तर देऊ नका. परतीचं एसटीचं भाडंसुद्धा योजनेत मिळतं. बरेच लोक ते मागतच नाहीत.

हर्नियाचं ऑपरेशन योजनेत मंजूर झालं. भरती झाल्यावर 'योजनेतली जाळी साधी असते, चांगली हवी तर १२ हजार वेगळे' असं सांगितलं. आम्ही दिले. पावती नाही. — एक वाचक, गुहागर तालुका

जाळी पॅकेजात धरलेली आहे. तिचे वेगळे पैसे घेणं नियमाबाहेर आहे.

'साधी' या शब्दाने घाबरून जाऊ नका. जांघेतल्या हर्नियाच्या उघड्या ऑपरेशनमध्ये पॉलिप्रॉपिलीनची जाळी वापरतात, ती तळहाताएवढी असते आणि जगभर तीच प्रमाण मानली जाते. हलक्या वजनाच्या महाग जाळ्यांचा फायदा असला तरी थोडा आहे. हर्निया परत न होणं हे जाळीच्या किमतीपेक्षा ती नीट पसरून, कडेला पुरेशी जागा ठेवून बसवण्यावर अवलंबून असतं.

आता काय करायचं ते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतीसाठी तिथे बसणारा कर्मचारी) जाऊन तुमचा केस नंबर आणि मंजुरीची तारीख लिहून घ्या. मग १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. लेखी अर्जात चार गोष्टी हव्यात: किती पैसे, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातात आणि कशासाठी म्हणून मागितले. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद हाच पुरावा. रोख दिले असतील तर बँकेतून काढल्याची नोंद आणि सोबत असलेल्या नातेवाइकाचं नाव लिहा. डिस्चार्जच्या वेळी समाधानपत्रावर सही घेतात. पैसे दिलेले असताना 'एकही पैसा घेतला नाही' या ओळीखाली सही करू नका. केलीच असेल, तरी तक्रार करता येते, फक्त सही कोणत्या परिस्थितीत केली ते अर्जात लिहा. टोल-फ्रीवर दाद लागली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जाता येतं.

रुग्णालय असं का करतं, हेही समजून घ्यायला हवं. पॅकेजचे दर सगळ्या राज्याला एकच. तालुक्याच्या गावातलं १५-२० खाटांचं रुग्णालय भूलतज्ज्ञाला चिपळूणहून किंवा रत्नागिरीहून बोलावतं आणि त्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावे लागतात. जाळी, टाक्यांचे धागे, भुलेची औषधं रोखीने येतात. क्लेमचे, म्हणजे योजनेकडून येणारे पैसे मात्र काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, आणि त्यातही कपात होऊन. ही अडचण खरी आहे. पण ती पेशंटच्या नातेवाइकाला कोपऱ्यात बोलावून भागवणं चूक आहे. दर परवडत नसेल तर ते ऑपरेशन योजनेत करू नये आणि दर वाढवायची मागणी संघटनेमार्फत उघडपणे करावी.

आमचं २० खाटांचं रुग्णालय योजनेत दीड वर्षापासून आहे. क्लेमवर क्वेरी (योजनेकडून येणाऱ्या शंका), कपात, उशीर. बाहेर पडावं का? — एक सर्जन, राजापूर

निर्णयाआधी शेवटचे ५० क्लेम काढा. मंजूर रक्कम, हाती आलेली रक्कम, लागलेले दिवस आणि कपातीचं कारण असे चार रकाने करा. तुमचा किती तोटा दरामुळे आहे आणि किती कागदामुळे, हे त्यातून वेगळं होईल. आमचा अनुभवाचा अंदाज असा, की कागदाचा तोटा कोणत्याही डॉक्टरला वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो.

कागदात चुकतं ते बहुधा अशा ठिकाणी. मंजुरी दुर्बिणीच्या ऑपरेशनची, पण पोटात चिकटलेलं निघाल्याने उघडं ऑपरेशन करावं लागलं आणि तो बदल योजनेच्या पोर्टलवर त्याच दिवशी कळवला नाही. भरतीची वेळ केस पेपरवर एक, भुलेच्या नोंदीत दुसरी. रेशनकार्डावर आडनाव एका तऱ्हेने, रक्ताच्या अहवालावर दुसऱ्या. हाड बसवण्याआधीचा आणि नंतरचा एक्स-रे दोन्ही आहेत, पण फिल्मवर नाव नाही. प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर केस पेपरला चिकटवायचा राहिला आणि पाकीट कचऱ्यात गेलं. पित्ताशय पॅथॉलॉजीला पाठवलं, पण अहवाल क्लेमला जोडला नाही. आणीबाणीत पेशंट रात्री आला, फोनवरची तात्पुरती मंजुरी घेतली, पण नंतरची कागदपत्रं मुदतीत गेली नाहीत.

यावर उपाय एकच चालतो: एक माणूस, एक वेळ. रोज दुपारी ४ वाजता एकाच कर्मचाऱ्याने सगळ्या भरती पेशंटचे कागद पाहायचे आणि त्या दिवसाचे फोटो-स्कॅन त्याच दिवशी काढून ठेवायचे. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. पोर्टलवर चढवायला उशीर झाला तरी स्कॅन तारखेनिशी तयार हवेत. क्वेरीला उत्तर देताना विचारलेला नेमका कागद आणि दोन ओळी पुरतात. लांब खुलासा लिहिला की त्यातून नवी क्वेरी निघते. मुदत उलटून गेलेली क्वेरी म्हणजे बुडालेला क्लेम.

आता दराचा तोटा. प्रत्येक ऑपरेशनचा थेट खर्च काढा: भूलतज्ज्ञ, इम्प्लांट, औषधं, डिस्पोजेबल. समजा पॅकेज २०,००० रुपयांचं आहे आणि थेट खर्च १४,०००. उरले ६,०००. पगार, वीज, जनरेटरचं डिझेल, देखभाल मिळून खाटेमागे रोजचा खर्च १,५०० धरला, तर तीन दिवसांचे ४,५०० गेले आणि १,५०० शिल्लक राहिले. पेशंट पाच दिवस राहिला तर ७,५०० जातात आणि दीड हजाराचा तोटा होतो.

याच हिशोबात जखमेला पू झालेला एक पेशंट घालून पाहा. सहा दिवस जास्त म्हणजे ९,००० रुपये, शिवाय अँटिबायोटिक वेगळं. सहा चांगल्या पेशंटची शिल्लक एका जंतुसंसर्गाने खाल्ली. बाबवार बिलात हेच सहा दिवस पेशंटच्या माथी गेले असते आणि रुग्णालयाचा आकडा वाढला असता. पॅकेज पद्धतीची आम्हाला सगळ्यात मोलाची वाटणारी बाजू हीच आहे: स्वच्छतेचा आणि रुग्णालयाच्या पैशाचा हिशोब इथे एकाच बाजूला येतो. फक्त तो मांडायला हवा.

म्हणून आधी ऑपरेशन थिएटरकडे पाहा. अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत गेला पाहिजे. वॉर्डात सकाळी ८ ला दिला आणि ऑपरेशन ११ ला झालं तर तो वाया गेला. केस वस्तऱ्याने काढू नका, क्लिपरने काढा. आणि कोकणातली खास गोष्ट म्हणजे ओलावा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. दमट कापड गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घातलं, ड्रम गच्च भरला किंवा वाळवण्याचा टप्पा घाईने उरकला, की पॅक आतून ओला निघतो. ओल्या पॅकमधून जंतू आत शिरतात, त्यामुळे बाहेरच्या टेपवरचे, उष्णता लागल्याची खूण असलेले पट्टे काळे झालेले असले तरी तो निर्जंतुक धरायचा नाही. परत कोरड्या कापडात गुंडाळून पूर्ण चक्र चालवायचं. पावसाळ्यात जखमा चिघळण्याचं प्रमाण वाढत असेल तर महागड्या अँटिबायोटिकआधी निर्जंतुक पॅकचं कपाट उघडून पाहा.

एवढं करूनही एखाद्या ऑपरेशनचा थेट खर्चच पॅकेजपेक्षा जास्त येत असेल तर ते योजनेत करू नका. पण थेट खर्च निघून खाटेच्या खर्चाचा काही भाग निघत असेल आणि खाटा रिकाम्या असतील, तर ते सोडण्यात शहाणपण नाही. एकाच आजाराच्या दोन भरत्या दाखवणं, केलेल्यापेक्षा जास्त दराच्या ऑपरेशनचा कोड टाकणं, गरज नसताना ऑपरेशन करणं या वाटेला जाऊ नका. यादीतून नाव कापलं जातं ते वेगळंच, पेशंटच्या शरीराशी तो खेळ होतो.

मुंबईच्या मुलाच्या कंपनीची पॉलिसी, ३ लाखांची. बिल १,४०,००० झालं, विमा कंपनीने १,००,००० दिले. खोलीचं भाडं दिवसाला २,००० जास्त होतं हे मान्य, पण चार दिवसांचे ८,००० कापायला हवेत. ४०,००० कसे? — एक वाचक, मालवण

तुम्ही पाठवलेल्या बिलावरून हिशोब असा लागतो. पॉलिसीत खोलीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,०००. तुम्ही घेतली ५,००० ची. खोलीचे २०,००० झाले, मिळाले १२,०००. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट आणि नर्सिंग मिळून ८०,००० होते. त्यांना ३ भागिले ५ हे प्रमाण लावलं आणि ४८,००० दिले. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे ४०,००० पूर्ण मिळाले. बेरीज १,००,०००. तुमच्या अंगावर पडलेल्या ४०,००० पैकी खोलीचे ८,००० आणि बाकी ३२,००० त्या प्रमाणाचे.

याचं कारण, मोठ्या शहरांतली बरीच रुग्णालयं खोलीच्या वर्गानुसार सर्जनची फीसुद्धा वाढवतात. ऑपरेशन तेच, टेबल तेच, डॉक्टर तेच. खोलीत एसी आणि सोफा असला की थिएटरचा दर वेगळा. विमा कंपन्या म्हणतात, वरच्या वर्गाचा भार आम्ही उचलणार नाही.

पण एक नियम तुमच्या उपयोगाचा आहे. ज्या रुग्णालयात खोलीनुसार इतर दर बदलत नाहीत, तिथे अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत सर्जनची फी जनरल वॉर्डात आणि खोलीत बहुधा सारखीच असते. तुमच्याही रुग्णालयात तसं असेल तर लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: 'या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रिया, भूल, थिएटर व व्हिजिटचे दर बदलत नाहीत.' सोबत दरपत्रक जोडा. ते मिळण्यात अडचण येऊ नये, कारण महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. हे दोन्ही विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे पाठवा आणि दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला हे प्रमाण लावता येत नाही, हेही बिलात तपासून घ्या.

पुढच्या वेळी भरती होतानाच विचारायचं वाक्य: 'माझी खोलीची मर्यादा इतकी आहे, तेवढ्यातली खोली द्या, नसेल तर तसं लिहून द्या.' गणपतीत चाकरमानी मुलगा घरी आला की पॉलिसीचं खोलीभाड्याचं पान त्याच्याकडून मागून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी तासन्‌तास बसवून ठेवत असतील तर लक्षात ठेवा, २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा आहे.

सुनेला सातवा महिना. नॉर्मल बाळंतपणाचे दर कमी, सिझरचे दुपटीहून जास्त सांगितले आहेत. मग डॉक्टर सिझरच करणार ना? — एक सासूबाई, देवगड

तुमची शंका अगदी रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. एवढी तफावत केवळ अवघड केसेस खासगीत जातात म्हणून पडत नाही.

तरीही हे फक्त लोभाचं म्हणून सोडून देऊ नका. पहिलटकरणीचं बाळंतपण बारा-पंधरा तास चालतं आणि त्याचे पैसे कमी. सिझर तासाभरात होतं आणि त्याचे जास्त. त्यात भूलतज्ज्ञ ३०-४० किलोमीटरवर. जुलैच्या धो-धो पावसात रात्री २ वाजता तो पोहोचेल का, या चिंतेने निर्णय संध्याकाळी ६ लाच होतो. दोन्ही बाळंतपणांचा दर जवळजवळ सारखा ठेवला तर ही ओढ निम्मी होईल असं आमचं स्पष्ट मत आहे. काही डॉक्टर स्वतःहून तसा दर ठेवतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

आत्ताच, सातव्या महिन्यात, डॉक्टरांना शांतपणे विचारा: रात्री अडचण आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? कळांच्या वेळी बाळाचे ठोके किती वेळाने मोजले जातात आणि त्याचा आलेख ठेवता का? रक्ताची सोय कुठून होते? उत्तरं नेमकी आली तर ते ठिकाण भरवशाचं.

ठोके घसरणं, बाळ आडवं असणं, वार खाली असणं, नाळ बाहेर येणं ही सिझरची पक्की कारणं आहेत. तिथे घासाघीस करत बसू नका. सोनोग्राफीत नाळेचा वेढा दिसला एवढंच कारण पुरत नाही. जवळजवळ चारपैकी एका बाळाला वेढा असतो आणि बहुतेक सुखरूप जन्मतात. 'प्रगती नाही' असं कारण दिलं तर गर्भाशयाचं मुख किती उघडलंय ते विचारा. जोरदार कळांची अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरतात. त्याआधी संथ जाणं नेहमीचं आहे. आणि मुहूर्तासाठी सिझरची तारीख मागणारी माणसं आपल्याच घरात असतात, त्यांना आवरा.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. जेवण नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस.

डॉक्टर एकाच सेंटरवर एमआरआय करायला सांगतात. कट असतो म्हणतात. ओळखायचं कसं? — एक वाचक, पोलादपूर

तुमच्या शेजारच्या महाडात विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये पेशंट पाठवल्याबद्दल आलेला १,२०० रुपयांचा चेक परत करून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती. पेशंट पाठवण्याचं कमिशन घेणं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मना आहे. स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये राज्यात तयार झाला, कायदा झाला नाही.

डॉक्टरांना विचारा, 'दुसरीकडे केला तर चालेल का?' तपासणी हवी असलेला डॉक्टर 'नीट अहवाल आणा, चालेल' म्हणतो. एखाद्या वेळी आग्रहाला खरं कारण असतं, जसं पाचव्या महिन्यातली बाळाच्या व्यंगांची सोनोग्राफी अनुभवी हातानेच व्हावी. ते कारण डॉक्टर सांगू शकतात. मग सेंटरवर चिठ्ठी न दाखवता आधी दर विचारा. चिठ्ठीशिवाय दर उतरत असेल तर वरचे पैसे कुठे जातात ते कळलं.

पैसे कामाच्या संख्येवर न देता पेशंट किती बरे झाले त्यावर दिले तर? — एक शिक्षक, लांजा

कल्पना चांगली, पण काय मोजायचं यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवल्याबद्दल गुण आणि त्यानुसार पैसे मिळू लागले. मोजलेल्या गोष्टींकडे लक्ष वाढलं, पण मोजता न येणारं, म्हणजे पेशंटचं नीट ऐकून घेणं, मागे पडण्याची भीती राहिली. आपल्याकडे आयुष्मान भारतमध्ये गुणवत्तेचं एनएबीएच प्रमाणपत्र असलेल्या रुग्णालयाला पॅकेजवर जादा रक्कम मिळते: प्रवेश पातळीला १० टक्के, पूर्ण मान्यतेला १५. लहान रुग्णालयाने निदान प्रवेश पातळीसाठी प्रयत्न करावा, वर मांडलेल्या हिशोबात २०,००० वर १० टक्के म्हणजे २,००० फार मोठे आहेत.

धोका एकच, पण मोठा. निकालावर पैसे दिले की अवघड पेशंट नकोसा होतो. ७५ वर्षांच्या, मधुमेही, किडनी कमकुवत असलेल्या आजोबांना 'इथे नको, कोल्हापूरला न्या' सांगणं सोपं पडतं आणि आकडे सुंदर दिसतात. म्हणून अशा पेशंटला दर जास्त आणि निकालाची अपेक्षा वेगळी, हे दोन्ही धरूनच ती पद्धत राबवायला हवी.

थोडक्यात

*सावंतवाडी, वडिलांचं वय ७२, पेन्शन चांगली, कार्ड मिळेल का?* — मिळेल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड आहे. वय आधारवरून धरतात. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाख वेगळे. वडिलांना केंद्र सरकारची वैद्यकीय योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. गोव्यात बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यायचं असेल तर निघण्याआधी १४५५५ वर फोन करून तो विभाग आणि ते ऑपरेशन तुमच्या कार्डावर होतं का ते विचारा. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटला शुल्क आहे.

*श्रीवर्धन, लग्नाला आठ महिने झाले, पत्नीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी झालं, आमच्यात अजून चढलं नाही. अपेंडिक्सचं दुखणं वरचेवर होतंय.* — आजच तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव चढवण्याचा अर्ज द्या. माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार जोडा, पोचपावती घ्या. कार्डाचा १२ अंकी क्रमांक ऑनलाइन दिसतो का आणि त्यात तिचं नाव आलं का हे पुढच्या आठवड्यात तपासा. पुस्तिकेवर हाताने लिहिलेलं नाव पोर्टलवर दिसत नाही आणि मंजुरी तिथेच अडते. त्याआधी दुखणं उजव्या बाजूला खाली सरकून ताप-उलट्या सुरू झाल्या तर कार्डासाठी थांबू नका. १०८ बोलवा, भरती करा, आणि आरोग्यमित्राला आणीबाणीची फोनवरची मंजुरी घ्यायला सांगा. कागद दोन दिवसांत आणून देता येतात.